घाबरल्याचा पंचनामा

आमच्या घरात कप फुटला तर रागवायचं की नाही हे बाबा नंतर ठरवत. आधी ते जाऊन पाहत. कप कुठं पडला, तुकडे कुठवर उडाले, आत चहा होता की रिकामा होता. "मौका पाह्यल्याशिवाय मी काई लिहीत नाई," असं ते म्हणत. मौका म्हणजे घडल्याची जागा, आणि ते अक्षरशः खरं होतं. आईनं आतून "अवो, दूध उतू गेलं" अशी हाक दिली की ते चष्मा लावून शेगडीपाशी जात, दुधाच्या गंजावरून गेलेला ओघळ पाहत, ओट्यावर बोट फिरवत आणि जाहीर करत, "दहा मिनिटं झाले याले." आई म्हणायची, "झाली तुमची गिरदावरी? सरका आता, पुसू द्या."

गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला माणूस. गावोगाव फिरून शेतातलं पीक आणि कागदावरचं पीक एकच आहे का, ते तपासणारा. शब्द निजामाच्या काळातला, पण आमच्या आदिलाबादकडे अजून चालतो. बाबांनी जन्मभर तेच केलं. निम्मी नोकरी नार्नूरच्या बाजूला गेली आणि उरलेली जिल्ह्याच्या गावी. गल्ली त्यांना गिरदावरसाहेब म्हणायची, आई 'आमचे गिरदावर' म्हणायची, आणि त्यांच्या पाठीमागं मी आणि संजूदादाही तेच म्हणायचो. निवृत्तीनंतरही ते नाव काही सुटलं नाही.

कचेरीतलं काम तेलुगूत चाले, पण घरच्या कारभाराची भाषा मराठी. घरचा पंचनामा हा त्यांचा स्वतःचा शोध होता. मांजरीनं दही खाल्लं, करा पंचनामा. पाहुण्यांची चप्पल कुत्र्यानं पळवली, करा पंचनामा. "आज रोजी सकाळी मौजे स्वयंपाकघर येथे" अशी सुरुवात, मग चारी दिशांना काय काय आहे ते, मग घडल्याची तफसील, आणि खाली दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणजे आम्ही दोघं भावंडं. संजूदादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्याची सही झोकदार. मी जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत 'वंदना' असं लिहायचे. "साक्षीदार नाई तं तो कागद नाई, नुसती गप हाये," असं बाबा आम्हाला समजावत, आणि आम्हाला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटायचं.

आई गेली आणि हा माणूस घाबरायला लागला. कशाला, ते त्यांनाच माहीत नव्हतं. ओसरीवर बसल्या बसल्या छातीत धडधड व्हायची, तळहाताला घाम सुटायचा, आणि ते खांबाला धरून उभे राहायचे. मी शिकवत होते त्या शाळेतून धावत यायचे. सरकारी दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय तुमच्या वयाच्या मानानं चांगलं आहे, कोणाशी तरी बोला. कोणाशी बोलणार? मी त्यांच्याजवळच राहायचे, पण माझ्याशी ते भाजीपाल्याचं बोलत. संजूदादा मंचेरियलला, कोळसा खाणीच्या कचेरीत नोकरीला. आईच्या तेरवीपर्यंत तो राहिला, चौदाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. त्या दोन आठवड्यांत तो बाबांशी एक शब्द बोलला नाही. त्याचा मुलगा ओम सात वर्षांचा झाला होता, आणि आजोबा आणि नातू एकमेकांना फोटोतच ओळखत होते. बाबा त्याचं नाव काढत नसत. मात्र मी मंचेरियलला फोन लावला की ते हळूच येऊन दारात उभे राहत. मला एवढंच कळत होतं की हे दोघं बोलले नाहीत तर बाबा असेच खांब धरून धरून जातील.

माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेची मुलगी शाळेत जायचं नाव घेईना, तेव्हा त्या शिक्षिकेनं नागपूरच्या एका समुपदेशक मॅडमचा सल्ला घेतला होता. त्या व्हिडिओवर बोलत. मनाचा ताण, घबराट, मुलांचे प्रश्न, सगळं. मी बाबांपुढं विषय काढला. मला वाटलं होतं, ते उडवून लावतील. ते म्हणाले, "गावातल्या डॉक्टरकडं गेलो, तं बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस माया वळखीचा निंघीन. नागपूरची असन तं चालते."

पहिल्या शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि टेबलाशी ताठ बसले. मॅडम पडद्यावर आल्या, त्यांनी नमस्कार केला. बाबांनी पहिला प्रश्न केला, "मॅडम, तुमी कुठी बसून राह्यल्या?"

"माझ्या घरी, काका. नागपूरला."

"ते झालं. तुमच्या पूर्वेले काय हाये?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम हसल्या, उठल्या आणि फोन हातात घेऊन त्यांनी खोली दाखवली. पूर्वेला खिडकी, दक्षिणेला पुस्तकांचं कपाट, पश्चिमेला बंद दार, उत्तरेला भिंत. खोलीत दुसरं कोणी नाही याची बाबांनी दोनदा खात्री केली आणि म्हणाले, "बस. आता विचारा." मग माझ्याकडं वळून, "बाई, तू बाहेर जा. हे माझं बयान हाये." मी बाहेर गेले. त्याचा काही उपयोग नव्हता. बाबा फोनवर बोलत म्हणजे पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलत, आणि मॅडमचा आवाज कायम स्पीकरवर. माझ्या घरात मी तरी चोरून काही ऐकलं नाही, मला ऐकवण्यात आलं.

मॅडमनी त्यांना सांगितलं, घाबरल्यासारखं झालं की एका वहीत लिहून ठेवा. किती वाजता झालं, कुठं होतात, काय चाललं होतं, मनात काय आलं. बाबांचा चेहरा आई गेल्यापासून पहिल्यांदा उजळला. "हा तं पंचनामाच झाला!" ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, तसंच समजा. आता नागपूरच्या त्या बिचारीला काय माहीत, आपण कोणाला काय सांगून बसलो.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून घरी आले तर टेबलावर मोठ्या आकाराचे रेघांचे कागद. पहिलाच वाचला. "आज रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, राहत्या घराच्या ओसरीवर, खाली सही करणाऱ्या पंचांसमक्ष, घरमालकाच्या छातीत धडधड सुरू झाली. हद्द: उत्तरेस पाण्याची टाकी, दक्षिणेस मारोतराव यांचे किराणा दुकान, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस घराचे दार. कारण विचारता, कारण नाही असे सांगितले. धडधड चार पंचवीसला थांबली." आणि खाली खरोखरीच्या दोन सह्या. एक दुकानदार मारोतरावांची. दुसरी शेजारच्या मल्लय्या सारांची, तेलुगूत. मल्लय्या सार निवृत्त मास्तर, मराठीचं अक्षर त्यांना वाचता येत नाही. सही घेतानाचा संवाद मला नंतर मारोतरावांनी नक्कल करून दाखवला.

"साब, इसमें क्या लिखे?"

"मेरा दिल घबराया, वो लिखा."

"सच है?"

"आप खुद देखे ना."

"हां, देखा," असं म्हणून सारांनी खिशातलं पेन काढलं.

मी बाबांवर ओरडले. म्हटलं, हे गुपित असतं. मॅडम आणि तुम्ही, तिसऱ्याला कळायचं नसतं. बाबांना ते कळेचना. "काऊन? चोरी केली का मी?" ते म्हणाले. "घाबरलो. दोघांनी पाह्यलं. त्यायनं सही केली." त्या आठवड्यात शाळेत एकीनं मला आवाज खाली करून विचारलं, "तुमच्या बाबांच्या डोक्याचं काही चालू आहे म्हणे?" मी "नाही हो, बीपी आहे" असं सांगून मोकळी झाले. मला लाज वाटली होती. त्या लाजेचीही लाज वाटायला मला पुढं बरेच दिवस लागले.

गल्लीनं मात्र ते फार सहज घेतलं. एकदा सही करता करता मारोतराव पेन हातात धरून तसेच बसले. म्हणाले, "साहेब, असं तं मलेही होते. सकाळी शटर उघडताना."

"मंग सांगतल्लं काऊन नाई?"

"कोणाले सांगू?"

बाबांनी कोरा कागद ओढला, चष्मा सारखा केला आणि उठले. "चला, मौका दाखवा." दोघं म्हातारे ओसरी उतरून दुकानाच्या शटरपाशी गेले आणि अर्धा तास तिथं उभं राहून काहीतरी लिहीत होते. मी खिडकीतून पाहत होते. हसावं की रडावं, ते मला कळेना.

मॅडमना मी सगळ्या कागदांचे फोटो पाठवत असे. एका शनिवारी त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकं नीट लिहिलंय, एक गोष्ट पाहा. चार दहा. चार पाच. चार. पुन्हा चार दहा. रविवारी एकही नाही. तुमच्याकडे चार वाजता काय होतं?"

"काई नाई."

"काहीच नाही?"

"शाळा सुटते," बाबा म्हणाले. गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा आहे. चारची घंटा झाली की पोरं दप्तरं हलवत आमच्या ओसरीवरून जातात.

"तुमच्या घरी चार वाजता कोण यायचं, काका?"

मी आत डोकावले. बाबांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता आणि ते त्याच्याकडं पाहत होते. जन्मभर लोकांच्या कागदातली एकेक ओळ तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या कागदातली वेळ दिसली नव्हती. त्यानंतरचे दोन शनिवार त्यांनी फोन लावू दिला नाही.

चार वाजता कोण यायचं, ते मला माहीत होतं. तेव्हा आम्ही नार्नूरला राहत होतो. पहाणी म्हणजे कोणत्या शेतात काय पीक उभं आहे त्याची सरकारी नोंदवही. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांची तपासणी होती, म्हणून बाबांनी ती घरी आणली होती. बारा वर्षांचा संजूदादा चारला शाळेतून आला. टेबलावर उघडी वही, त्यात आखलेले स्वच्छ, कोरे रकाने. त्या दिवशी मैदानात त्यांची मॅच झाली होती. त्यानं पिकाच्या रकान्यांत कोणी किती धावा काढल्या ते लिहिलं. शाईनं, झोकदार अक्षरात, दोन पानं भरून. बाबा आले, त्यांनी पाहिलं आणि कमरेचा पट्टा काढला. अंगणात त्यांनी त्याला जे मारलं, ते मी इथं लिहीत नाही. आई मधे पडली, तिला त्यांनी बाजूला ढकललं. हात थांबला तेव्हा संजूदादाला उभं राहता येत नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला होता, आणि रडतही नव्हता.

मग बाबा टेबलाशी बसले आणि त्यांनी पंचनामा लिहिला. श्वास अजून जागेवर आला नव्हता, तरी अक्षर सरळ होतं. त्यात लिहिलं, "अजाण मुलाकडून वही खराब झाली. सदर मुलास समज देण्यात आली." आणि मला हाक मारली. "सही कर." आतून आई म्हणाली, "तिले कायले ओढता?" मी नऊ वर्षांची होते. मी पेन घेतलं आणि सही केली. एकही अक्षर चुकलं नाही, म्हणून मला बरं वाटलं होतं, हे मला अजून आठवतं. मान वर केली तेव्हा संजूदादा माझ्याकडं पाहत होता. त्यानंतर आमच्या घरात कधी पंचनामा झाला नाही. दहावी होताच तो मामाकडं मंचेरियलला निघून गेला. आई होती तोवर सणाला एकटाच यायचा, बाबांना हो-नाही एवढंच बोलायचा.

तिसऱ्या शनिवारी बाबा आपण होऊन म्हणाले, "लाव फोन." त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं, त्याच मोठ्या आवाजात. एकही गोष्ट गाळली नाही. मी पायरीवर बसून ऐकत होते. मॅडमनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला राग आला होता, की भीती वाटली होती?"

बाबांचा आवाज पहिल्यांदा इतका खाली आला की मला कान द्यावा लागला. "भेव," ते म्हणाले. "सकाळी तहसीलदार येनार. नोकरी जाते असं वाटलं. हात थरथरून राह्यले होते, बाई. पोट्ट्याले थरथर दिसू नये म्हणून पट्टा घेतला." मग थांबून म्हणाले, "हे मले कोनी इचारलंच नाई कधी."

त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली. तो जुना कागद त्यांनी जपून ठेवला होता, जसे सगळेच ठेवले होते. माझी सही तिथं होती. "नोकरीत खोटा कागद एकही केला नाई," ते मला म्हणाले. "जन्मात एकच केला, तो घरात." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा लिहायला घेतला. त्यात तारीख होती, वेळ होती, हद्द होती. पुढं लिहिलं होतं: "मुलास पट्ट्याने मारले. किती वेळा ते मोजले नाही. मुलाच्या आईस ढकलले. मुलाचा कसूर एवढाच की कोऱ्या जागेत लिहिले. समज देण्यात आली असे पूर्वी लिहिले, ते खोटे आहे. मारणारास माफी मागण्याची इच्छा आहे." मारोतराव सवयीनं सही करायला आले, तर बाबांनी कागद मागं घेतला. "तुमी मौक्यावर नव्हते." मौक्यावर होते अशातली आई गेली होती. उरले मी.

मी म्हटलं, मी करणार नाही. बाबांनी कारण विचारलं नाही, पण मी सांगते. इतकी वर्षं माझ्यापुरतं एवढंच ठरलेलं होतं की मी तेव्हा लहान होते. या कागदावर सही केली की मी तिथं होते, असं ठरणार होतं.

"मी नऊ वर्षांची होते, बाबा."

"तेही लिव्हलं हाये," ते म्हणाले आणि त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मागील पंचनाम्यातील पंच ही नऊ वर्षांची असून तिच्याकडून सही जबरीने घेतली."

तो कागद दोन दिवस टेबलावर पडून होता. आम्ही दोघं त्याच्या बाजूनं जेवलो, चहा प्यालो. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी उभ्या उभ्या सही केली आणि चप्पल घालून निघाले. वळून पाहिलं असतं तर शाळेत जाता आलं नसतं.

बाबांना तो कागद रजिस्टर पोस्टानं पाठवायचा होता. मॅडम म्हणाल्या, "हा कागद संजयला हवा आहे का, ते कोणी विचारलंय का?" तेव्हा मी मंचेरियलला फोन लावला. दादा म्हणाला, "वाच." मी वाचला. तो म्हणाला, "ते खोटं हाये म्हणते ते पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं.

"खाली तुही सही हाये?"

"हो."

"मागच्या खेपेलेही होती."

तो म्हणाला, "मारलं ते मारलं. तवा साऱ्यायचेच बाप मारत होते, वंदना. पण मी समोर बसलो होतो, अन् तू लिहून देल्लं की मारलं नाई." मी "दादा, चुकलं रे" असं म्हटलं. एवढ्या उशिरानं म्हटलेलं ते किती लहान वाटतं, हे मला तेव्हा कळलं. "ठेव आता," तो म्हणाला. मी कागदाचा फोटो त्याला पाठवून दिला. बाबा दारात उभे होते. "काय म्हणे?" "ऐकलं त्यानं," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते ओसरीवर जाऊन बसले. शाळा सुटायची वेळ झाली होती.

आठ दिवसांनी दादाचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ओम रडाले लागला का मी घराबाहेर निंघतो. हात उठन असं वाटते. बायको म्हणते, पोराजवळ बसत काऊन नाई तुमी. तिले काय सांगू?" मग विचारलं, "त्या बाई मायाशी बोलतीन का?" मॅडम म्हणाल्या, वडील आणि मुलगा दोघांशी मीच बोलणं बरोबर होणार नाही, आणि त्यांनी दुसऱ्या एका समुपदेशकांचं नाव दिलं. क्वार्टरमध्ये निवांत जागा नाही म्हणून दादा गाडी झाडाखाली लावून, काचा वर करून त्यांच्याशी बोलायचा. हे मी बाबांना सांगितलं नाही. ते सांगणं माझं नव्हतं, एवढं आता मी शिकले होते.

दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी, बाबा जेवायला बसत होते, तेव्हा त्यांच्या फोनवर दादाचं नाव आलं. त्यांनी नेहमीप्रमाणं स्पीकर लावला. हात धुतलेला होता, तो पुसायचंही राहिलं.

"बाबा."

"बोल."

"कागद पाह्यला."

"हं."

मला वाटलं, आता ते विचारतील, कधी येतो. मी मनात म्हणत होते, विचारा, बाबा. त्यांनी विचारलं, "पोराले मारतो का?"

"एक डाव मारलं."

"कायनं?"

"हातानं."

"लिहून ठेव. आजच लिही. मायासारखा म्हातारा होऊ नको त्याच्यासाठी."

"हो."

"अन् त्याले सही मांगू नको. लेकराले साक्षीदार करू नये, संजू. माफी मांग अन् उगा राह्य. तो काय म्हणते, ते त्याचं त्याले ठरवू दे."

"हो."

"जेवला?"

"जेवलो. तुमी?"

"जेवलो," बाबा म्हणाले. ताट समोर तसंच होतं.

त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. पाऊस पडला का, थंडी किती आहे, ओमला तेलुगूत किती मार्क पडले. दोघंही तेवढंच बोलत, पण बोलत. चारची धडधड बंद झाली, असं मी म्हणणार नाही. ती व्हायची. बाबा आता खांब धरून आत येत नसत, बाकावर बसूनच पोरं जाताना पाहत. दादा म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत ओमला घेऊन येतो. बाबांनी मला वरची खोली झाडून घ्यायला लावली. ती त्यांनी स्वतः जाऊन पाहिली आणि कोपऱ्यातलं एक जाळं मला दाखवलं.

फाल्गुनात एका सकाळी ते उठले नाहीत. चहा घेऊन मी गेले तेव्हा पांघरूण नीट गळ्यापर्यंत होतं. मल्लय्या सार आले, मारोतराव आले. मारोतरावांनी त्या दिवशी शटर उघडलंच नाही. दुपारपर्यंत दादा बायको आणि ओमला घेऊन पोचला. त्यानं बाबांचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला त्याचा राग आला, हे मी लपवत नाही. इतके रविवार होते, एका रविवारी तो गाडीत बसू शकला असता. आणि ज्या माणसानं त्याला तसं मारलं, त्याच्यासाठी मी त्याच्यावर रागावते आहे, याचाही मला राग आला.

तेरवी झाल्यावर संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. ओम भिंतीवरच्या फोटोकडं पाहत होता. त्यानं विचारलं, "पप्पा, आजोबा लई रागीट होते का?"

"होते," दादा म्हणाला.

"तुमाले मारत होते?"

"मारलं होतं. मंग लिहून माफी मांगली."

ओमनं थोडा विचार केला. "मंग आपण संक्रांतीच्या सुट्टीत काऊन नाई आलो? तवा तं ते होते."

दादाची बायको आत जायला उठली. मीही खाली पाहिलं. अशा वेळी दादा चप्पल घालून बाहेर पडतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तो उठला नाही. त्यानं ओमकडं पाहिलं आणि सांगितलं, "मले भेव वाटलं, बेटा." एवढं बोलून तो तिथंच बसून राहिला.